रांगेतली मराठी

आमच्या घरात टीबी ही सगळ्यांना सांगण्यासारखी गोष्ट झाली, ती माझ्या रक्तात एचआयव्ही निघाल्यावर. त्याआधी टीबी हा शब्दसुद्धा आई दार लोटून घेतल्याशिवाय उच्चारत नसे. खोकला जाईना, संध्याकाळ झाली की अंगात बारीक ताप, सलवारी कमरेवरून घसरायला लागलेल्या, तरी ती शेजारी सांगायची, "ऑफिसमध्ये एसी आहे ना, तो सहन नाही होत हिला." मग टीबी निघाला. टीबी निघाला की दुसरी तपासणी सगळ्यांचीच करतात, कारण हे दोन आजार एकमेकांचा हात धरून येतात. एकाने शरीराची ताकद पोखरली की दुसरा आत शिरतो. माझ्या दुसऱ्या तपासणीचा निकाल आला आणि आईने त्याच आठवड्यात फोन लावायला सुरुवात केली. "हो ना वहिनी, टीबी निकला. आजकल काय, गोळ्या घेतल्या की एकदम ठीक होतं." मी पलंगावर पडून ऐकत होते. ज्या आजाराला ती सहा महिने लपवत होती, त्याला आता पुढे करून ती दुसऱ्याला मागे उभं करत होती.

दुसरा आजार नवऱ्याकडून आला. त्याच्याशी माझा काडीमोड होऊन बराच काळ झाला होता आणि तो आता कुठे आहे हे मला माहीत नाही. ज्यांना यापेक्षा जास्त तपशील हवा असतो, त्यांचा मला राग येतो. हे मी इथेच सांगून टाकते.

इंदूरमध्ये मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या राहतो. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते, घरात त्यांचे पगडीवाले फोटो आहेत आणि आई अजून त्यांच्याकडे बघून मान ताठ करते. पण आमचं जग इवलंसं. सकाळी एकीच्या कानावर काही पडलं तर संध्याकाळच्या हळदीकुंकवापर्यंत त्याचा बोभाटा झालेला असतो. बाकीचं शहर आमच्या घरात डोकावत नाही. डोकावतात ती आपलीच माणसं. म्हणून दर महिन्याला औषधं आणायला सरकारी दवाखान्यातल्या केंद्रावर जायचं ठरलं, तेव्हा आईने मला एकच गोष्ट बजावली.

"तिथे मराठीत बोलू नको हं बिलकुल. फोन आला तरी नाही. अपने वाले कोणी भेटले तर काय तोंड दाखवशील?"

मी स्कूटीवर निघायचे. इथल्या सगळ्या मुली धुळीसाठी तोंडाला ओढणी गुंडाळतात, डोळे तेवढे उघडे. तशीच मीही गुंडाळायचे, कृष्णपुऱ्याच्या पुलावरून जायचे आणि केंद्रात गेल्यावरही ती सोडायचे नाही. तिथे माझ्यासारख्या आणखी चार-पाच जणी असायच्या, दवाखान्याच्या आतल्या, उन्हाचा पत्ता नसलेल्या बोळात तोंडं बांधून बसलेल्या. आम्ही एकमेकींकडे बघत नसू. तुकोगंजातल्या ऑफिसात सगळ्यांच्या पोह्यांवर शेव टाकत खिदळणारी मी ती हीच का, असं मला तिथे वाटायचं.

तिसऱ्या की चौथ्या फेरीला रांगेत माझ्या पाठीमागून आवाज आला.

"ताई, हे थुंकीची डबी कुठं द्या लागते व?"

मी वळले. चाळिशीची बाई, नऊवारी नाही पण साडी अशी नेसलेली की ती आमच्या इंदूरची नव्हे हे लगेच कळावं. बोली वऱ्हाडी. हातात झाकण घट्ट लावलेली प्लास्टिकची डबी, तिच्याभोवती रुमाल. बाहेर लिंबाखाली तिचा नवरा बसला होता, तोंडाला फडकं बांधून, गुडघ्यांत मान घालून. कुठल्याशा बांधकामावर मिस्त्रीकाम करायचा, हे मला पुढे कळलं. ती काही माझ्या आईच्या ओळखीतली नव्हती, असणं शक्यच नव्हतं. पण मराठी कानावर पडली आणि मी सरळ म्हणाले,

"मुझे मराठी नहीं आती."

तिने "बरं" म्हणून मान हलवली आणि डबी घेऊन चुकीच्या खिडकीकडे गेली. खिडकीतल्या माणसाने तिला झापलं. योग्य खिडकी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. मी मोबाइलमध्ये बघत राहिले. आजीच्या मांडीवर मी ज्या भाषेत बोलायला शिकले ती मला येत नाही, असं मी म्हटलं होतं, आणि लाज वाटायच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे लिहिताना मला त्या सुटकेचीच जास्त लाज वाटते.

त्याच दिवशी आम्हा दोघींचं रक्त घ्यायचं होतं. बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो. माझी शीर सापडत नाही, नेहमीचंच आहे. त्या दिवशी नवी मुलगी होती, तिने सुई आत घालून फिरवली आणि माझ्या तोंडून काहीतरी निघून गेलं. काय निघालं ते माझं मलाच कळलं नाही. शेजारची बाई फक्त एकदा माझ्याकडे बघून पुन्हा स्वतःच्या दंडावरच्या कापसाकडे बघायला लागली.

पुढच्या महिन्यात ती भेटली ती हिंदीतच बोलत. हिंदी कसली, शब्दांना शब्द जोडून काहीतरी. "दीदी, आज बहुत लोक है." "दीदी, तुम खाया?" मला मनातून हसू यायचं आणि बरंही वाटायचं. म्हटलं, चला, हिच्या डोक्यातून ते मराठीचं गेलं. एकदा तिने पदरात बांधून आणलेले शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. "गरम है, दीदी." ते गार होते. मी खाल्ले.

तिच्या नवऱ्यालाही माझ्यासारखेच दोन्ही आजार होते. आधी टीबीच्या गोळ्या सुरू करतात आणि मग काही दिवसांनी दुसऱ्या आजाराच्या. एकदम सगळं सुरू करत नाहीत. माझ्या वेळी दुसऱ्या गोळ्या सुरू झाल्या आणि मला वाटलं, आता संपलं सगळं. गेलेला ताप परत आला, मानेला गाठ आली, लिंबाएवढी. घाबरून डॉक्टरांकडे गेले तर ते म्हणाले, "शरीर में ताकत लौट रही है, इसलिए अब वो टीबी से लड़ रहा है. कोई गोली बंद मत करना." गाठ पुढे बसली. हे मला माहीत होतं. पुस्तकातलं नव्हे, माझ्या मानेवरचं.

म्हणूनच त्या दिवशीचं मला विसरता येत नाही. ती रांगेत माझ्यापाशी आली, घामाघूम, आणि स्वतःच्या मानेवर बोट ठेवून म्हणाली, "दीदी, इधर... बड़ा हो गया उनका. नया गोली से. बुखार भी." मग तिने दोन्ही हातांच्या मुठी वळल्या आणि एकमेकींवर आपटल्या. "दो दवाई... अंदर... लड़ाई करता है क्या?" तिला काय विचारायचं आहे ते मला शब्द न् शब्द कळलं. दोन औषधं पोटात भांडतात का, आणि भांडत असतील तर एक बंद करू का. तिच्या ओठांवर आणखी बरंच काही होतं, ते हिंदीत उतरत नव्हतं.

नेमक्या त्या वेळी समोरच्या हाडांच्या ओपीडीबाहेर आईच्या भजनी मंडळातल्या एक काकू गुडघा धरून बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलंही नव्हतं. तोंड बांधलेलं होतं माझं, पाहिलं असतं तरी ओळखलं नसतं. मी ओढणी नाकावर आणखी वर घेतली.

"डॉक्टर से पूछो," मी म्हणाले. तिची पाळी येईपर्यंत मी माझी औषधं घेऊन बाहेरही पडले होते.

पुढच्या फेरीला तिच्या नवऱ्याला कामावरच्या दोन माणसांनी धरून आणलं. स्ट्रेचरवर टाकला तेव्हा माणूस दिसतच नव्हता, शर्टच तेवढा दिसत होता. खोकत होता आणि प्रत्येक खोकल्याला तिचा हात त्याच्या छातीवर जात होता. आतली नर्स ओरडून विचारत होती, टीबी की गोली कब से बंद है. ती गोंधळून कधी नर्सकडे, कधी नवऱ्याकडे बघत होती. महिनाभर बंद होती. डॉक्टरांना तिची हिंदी समजली नव्हती; नव्या गोळ्या ती नेमाने देत होती, जुन्या तिने स्वतःच थांबवल्या होत्या, भांडण मिटावं म्हणून.

मी ओढणी सोडली. मला आठवतं, मी खूप मोठ्याने बोलत होते. बोळातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, मराठीत. "अहो ताई, दोन्ही गोळ्या घ्यायच्या असतात! भांडत नाहीत त्या! मलाही गाठ आली होती, इथे, बघा! ताप पण आला होता. मी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. मला माहीत होतं हो सगळं!"

तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि आजूबाजूला पाहिलं.

"हळू बोला ताई. कोनी ऐकन."

ती आवाज खाली आणून म्हणाली, "मले माहीत होतं तुमी मराठी आहा ते. सुई टोचली तवा तुमी 'आई गं' म्हनल्या. म्हनलं, बाईले लपवाचं असन काही. मंग कायले मराठीत बोलू? चार लोकांनी ऐकलं असतं त तुमालेच तरास झाला असता."

म्हणजे इतके महिने ती माझ्यासाठी हिंदीत बोलत होती. ज्या भाषेत तिला नवऱ्याची गाठ समजावून सांगता आली असती, ती तिने माझी लाज झाकण्यासाठी बाजूला ठेवली होती. त्या मुठी तिने माझ्यासाठी आपटल्या होत्या. आणि मी डॉक्टरला विचारा म्हटलं होतं.

तो वाचला. वॉर्डात बरेच दिवस होता, टीबीचे उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, आणि एके दिवशी तिच्या खांद्याला धरून तो स्वतःच्या पायांनी लिंबाखाली जाऊन बसला. हे मी फार उत्साहाने आईला सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोठ्याने बोललीस? तिथे कोण कोण होतं?" मला तिचा इतका संताप आला की मी जेवले नाही. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर मी मनातल्या मनात तपासून पाहिलंच, त्या दिवशी बोळात आमच्यापैकी कोणी नव्हतं ना. कोणी नव्हतं. तेव्हा कुठे मला झोप लागली.

आता माझा टीबी बरा झालाय. आई म्हणते, बरा झाला हे सगळ्यांना सांगितलंय, आता गोळ्यांचा डबा बाहेर ठेवू नकोस. केंद्रावर मी अजून दर महिन्याला जाते, तीही येते, नवऱ्याबरोबर आणि कधी एकटी. आम्ही दोघीच असलो की मराठीत बोलतो. तिच्या गावच्या, तिच्या सासूच्या गोष्टी ती सांगते, मी हसते. मग बोळात कोणाची तरी चाहूल लागते. ओळखीचं आहे की नाही हे पाहायच्या आत ती आवाज बदलते, साडीचा पदर सारखा करते आणि म्हणते,

"दीदी, धूप बहुत है आज."

आणि मी म्हणते, "हाँ, बहुत है."