नळाचं फडकं

दसरूभाऊ कुणाच्याही घरी आले की रामराम करण्याआधी नळाला बांधलेलं फडकं सोडत. ते उजेडात धरत, वास घेत आणि मगच ओसरीवर टेकत. लाखांदूरकडच्या ज्या गावात मी शिक्षिका म्हणून गेले, तिथे ते ग्रामपंचायतीचे नळवाले होते. पहिल्याच दिवशी परक्या माणसाने माझ्या नळाला हात घातलेला पाहून मी चांगलीच तडकले. ते शांतपणे म्हणाले, "टाकी मी घासतो बाई, ते मले दिसते. पाइपाच्या पोटातलं फडक्यावरच दिसते."

नळाची लाइन टोलीत, म्हणजे गावाच्या शेवटच्या वस्तीत, संपायची. तिथलं फडकं कायम तपकिरी, आणि तिथली पोरं हगवणीने सारखी गैरहजर. एकदा ऐन चैत्रात दसरूभाऊंनी मधल्या गल्ल्यांचं पाणी बंद केलं आणि टोलीच्या टोकाचा वॉल्व्ह पुरा उघडून जोरात पाणी सोडलं. एवढं पाणी नालीत चाललेलं पाहून लोक खवळले. त्यात वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटला आणि दुसऱ्या दिवशी घरोघर लाल पाणी आलं. "चांगलं पाणी नासवलं यानं," म्हणत चारपाच जण माझ्याकडे आले. दसरूभाऊंना कामावरून काढा, असा अर्ज मीच लिहून दिला. गावात अक्षर माझं सुरेख ना!

संध्याकाळी भाऊ आले. फडकं पाहिलं. सह्यांसाठी माझ्याकडेच ठेवलेला अर्जही तितकाच निरखून वाचला.

"अक्षर झकास हाये. पण काहून घाई करून राहिल्या बाई? घाण निंगून राहिली, मनून दिसून राहिली. दोन रोज थांबा. तवरी पाणी उकळून प्या."

"आणि नाहीच निवळलं तर?"

"मंग याच्यावर पयली सही माही."

दोन दिवस त्यांनी पुन्हा पुन्हा पाइप धुतला. तिसऱ्या दिवशी टोलीतलं फडकं पांढरं निघालं. मी अर्ज चुलीत घातला. फार लाज वाटली, पण माफी मागायला जीभ काही रेटली नाही. पावसाळ्यात शाळा भरली, तेव्हा टोलीची पोरं रोज वर्गात दिसू लागली.

पुढे दरवर्षी पाइप धुवायच्या आदल्या दिवशी ते मुद्दाम दारात येत. "बाई, अर्ज लिवून ठेवा. उद्या पाइप धुऊन राहिलो." मी त्यांना लाटणं दाखवी आणि चहा ठेवी.

काही वर्षांनी एका हिवाळ्यात ते तापाने गेले. चैत्र आला, दारात कुणी आलं नाही. टोलीतलं फडकं पुन्हा तपकिरी होऊ लागलं. मग मी कागद घेतला आणि जमेल तितक्या सुरेख अक्षरात पंचायतीला अर्ज लिहिला, की गावाचा पाइप धुऊन मिळावा. पहिली सही माझी केली.