साबणाची वडी

आमच्या पवनीच्या मोहल्ल्यात पेटी घेऊन येणारा बांगडीवाला नुसत्या नजरेनं मनगटाचं माप सांगायचा. ऐंशी सालाच्या आसपास त्याच्या हातांना इसब झालं. बोटांना चिरा पडायच्या, खपल्या निघायच्या. त्यानं वांगी सोडली, मासे सोडले. कडुनिंबाच्या पाण्यानं हात धुऊन करंजाचं तेल चोळायचा. तो यायच्या आधी त्या तेलाचा कडवट वास यायचा.

बायका हात पुढे करायला कचरू लागल्या. पण तसं त्याला सांगायची वेळ कुणावर आली नाही. बांगडी सहज चढावी म्हणून हाताला लावायची साबणाची वडी तो आधीच पुढे सरकवायचा. "साबन मले सोसत नाही बाई. तुमीच भरून घ्या."

आमचा संकोच त्यानं असा स्वतःच्या अंगावर घेतला, आणि आम्ही तो घेऊ दिला.

काही वर्षांच्या पथ्यानं हात स्वच्छ झाले, तरी वडी पुढे यायचीच. एका पोळ्याला मी ती बाजूला ठेवली आणि हात पुढे केला. "आज तुम्हीच भरा ना भाऊ."

पूर्वी गप्पा मारता मारता तो डझनभर बांगड्या चढवायचा. आज त्यानं माझा हात फार जपून धरला. दुसरीच बांगडी त्याच्या बोटांत वाढली. मान खाली घालून त्यानं सगळे तुकडे वेचले.

"हात धराची सवयच नाही राह्यली बाई," तो म्हणाला, आणि साबणाची वडी पुन्हा माझ्याकडे सरकवली.