भिंगारच्या विहारातला पाच ते सहाचा वर्ग

विहाराच्या दारात चपला साठतात ना, तसे आमच्याकडे किस्से साठायचे. आणायचं कुणाच्या मनात नसायचं, पण तासभरात ढीग!

ही एकाहत्तर-बाहत्तरची गोष्ट. भिंगारमधलं आमचं विहार म्हणजे पत्र्याची एक खोली. संध्याकाळी पाच ते सहा तिथे बायकांचा साक्षरता वर्ग चाले. शिकवायला मी, नुकताच कारकून झालेला. आणि देखरेखीला तात्या. ते विहाराचे अध्यक्ष आणि लष्करातले रिटायर्ड हवालदार. त्यांची ऑर्डर एकच, वंदनेशिवाय पाटीला हात लावायचा नाही!

पहिल्याच दिवशी मी बेचा पाढा घेतला. बायका हात जोडून माझ्यामागे म्हणत होत्या. 'बे दाहे वीस' झालं आणि सगळ्यांनी वंदना संपल्यासारखं डोकं टेकवून एका सुरात म्हटलं, "साधु! साधु! साधु!"

मी म्हटलं, "अहो, हा पाढा आहे!"

"मंग काय झालं? चांगलंच हाय की!" तात्या मागून म्हणाले.

*

फळा आला तेव्हा पंचाईत झाली. मूर्तीशेजारी लावला, तर शिकवताना माझी पाठ बुद्धाकडे. समोरच्या भिंतीवर लावला, तर सगळ्या बायकांची पाठ बुद्धाकडे. तात्यांना दोन्ही नामंजूर! शेवटी फळा बाजूच्या भिंतीवर, दाराला लागून गेला. उशिरा येणाऱ्या बाईने दार ढकललं की अर्धा फळा दाराआड. म्हणजे गणित फळ्यावर आणि उत्तर दारामागे! उशिरा येणारीला बाकीच्या आशीर्वाद देऊ लागल्या.

*

एकदा भन्तेजी आले. मी जरा ऐटीतच म्हणालो, "विचारा काहीही."

भन्तेजींनी शांतपणे विचारलं, "दुःखाचं मूळ काय?"

गंगूबाईंनी ताबडतोब हात वर केला. "गनित!"

भन्तेजी हसले नाहीत. माझ्याकडे मात्र बराच वेळ बघत राहिले.

*

वर्गात हुशार म्हणजे हिराबाई. वय पंचेचाळीस. कँपातल्या दवाखान्यात झाडलोट करायच्या. साक्षरतेचं सर्टिफिकेट आणलं तर त्यांना कायम आया म्हणून घेणार होते. पुस्तकातला कुठलाही धडा काढा, बाई घडाघडा वाचत. मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो, "माझी विद्यार्थिनी!" तो मूर्खपणा आठवला की अजून लाज वाटते.

परीक्षेला शिक्षण खात्याचे साहेब आले. तात्यांनी आधी त्यांना बूट काढायला लावले, मग मांडी घालून वंदनेला बसवलं. त्रिसरण झालं, पंचशील झालं. मग हिराबाईंनी सातवा धडा एका दमात वाचला.

साहेब खूश! "छान. घरी रोज वाचता ना?"

हिराबाईंनी मान खाली घातली. "न्हाई सायेब. लेक वाचती, मी भाकरी थापता थापता पाठ करते. वंदना पाठ केली तसंच."

मी कपाळावर हात मारला. "बाई, कशाला सांगितलंत?"

"आत्ताच खोटं न बोलायचं शील घेतलं, गुरुजी. पाच मिन्टांत कसं मोडू?"

बाईंची कायमची नोकरी माझ्या डोळ्यांदेखत चालली होती. साहेबांनी यादीत काहीतरी लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. "इथे अंगठा करा."

हिराबाईंनी अंगठा केला नाही. ओळीवर बोट ठेवलं. "हि... रा... बा... ई." बोट पुढे सरकलं. "ना... पा... स."

त्यांचे डोळे भरून आले. "नापास व्हय, सायेब?"

साहेब म्हणाले, "हे कुणी पाठ करून घेतलं तुमच्याकडून?"

"हे पाठ कसं असंल? आत्ता तर लिव्हलं तुमी!"

साहेबांनी कागद आपल्याकडे ओढला आणि पेनाचं टोपण पुन्हा काढलं.