मास्तरांचा आवाज

शेअरच्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. अमरावतीच्या एका सब-ब्रोकरकडे मी नऊ वर्षं फोनवर ऑर्डरी घेते आहे. आमच्याकडे आलेला प्रत्येक फोन टेप होतो, नियमच आहे तसा. माणूस बोललेलं विसरतो, पण मशीन विसरत नाही. आधी मला याचं हसू यायचं.

*

वलगावचे एक काका आहेत. त्यांचा जावई कुठल्याशा औषध कंपनीत. एकदा फोनवर कुजबुजायला लागले, की जावई म्हणतो कंपनीत मोठं काहीतरी होणार आहे, तर घेऊन टाकू का? मी म्हटलं, काका, आतली बातमी ऐकून शेअर घेणं गुन्हा आहे, आणि तुमचं बोलणं टेप होतंय.

मग म्हणाले, "मंग मशीनले सांगा, मले जावईच नाई!"

पुढे महिनाभर ऑफिसात कुणी काही विचारलं की आम्ही हेच उत्तर द्यायचो.

*

आमचे सगळ्यात लाडके गिऱ्हाईक म्हणजे मास्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. फोन उचलला की खड्या आवाजात, "लिही पोरी." मग शेअरचं नाव, मग "पाच." आणि शेवटी, "आता वाचून दाखव." नऊ वर्षांत त्यांनी मला एकदाही न वाचता सोडलं नाही.

त्यांचा मुलगा प्रशांत पुण्याला एका कंपनीत हिशेब खात्यात आहे. त्या कंपनीचा शेअर मास्तरांनी कधी घेतला नाही. मी एकदा सुचवलं, तर म्हणाले, "लेकाच्या ताटातलं उचलून खात नसतात." मला तेव्हा ते फार आवडलं होतं.

*

यंदा संक्रांतीनंतर एका सकाळी मास्तरांचा फोन आला. स्क्रीनवर त्यांचंच नाव, कानात त्यांचाच आवाज. "लिही पोरी." आणि नाव सांगितलं ते प्रशांतच्या कंपनीचं. पाच नाही, खात्यात होतं नव्हतं तेवढ्याचे सगळे. मी लिहिलं आणि थांबले. "वाचून दाखव" आलंच नाही. फोन बंद झाला होता.

तीन दिवसांनी त्या कंपनीचे निकाल लागले आणि शेअर उसळला. मी म्हटलं, चला, मास्तरांची तत्त्वं एकदाची रिटायर झाली!

*

महिनाभरानं मास्तर स्वतः ऑफिसात आले, काकूंबरोबर. गळ्याला मफलर, हातात पोराबाळांची असते तशी पाटी. मी चेष्टेनं म्हटलं, काय मास्तर, त्या दिवशी वाचून न घेताच फोन ठेवलात?

त्यांनी पाटीवर लिहिलं, "कोणता फोन?"

काकूंनी सांगितलं. दिवाळीत नागपूरला गळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. बोलता येत नाही तर फोन कशाला, म्हणून मास्तरांनी आपला मोबाईल प्रशांतला देऊन टाकला. मी माझ्या हाताकडे पाहिलं. त्याच हातानं मी ती ऑर्डर लिहून घेतली होती. दिवसभर मला फोन उचलायची भीती वाटत होती.

*

मग शेअरबाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीचं पत्र आलं. त्यात सगळं होतं. प्रशांत कोण, मास्तर त्याचे कोण, कंपनीचे आकडे प्रशांतच्या टेबलावर कधी आले, ऑर्डर किती वाजता पडली. शेजाऱ्यापाजाऱ्यांना नसेल इतकी त्या घराची माहिती! मास्तरांचं खातं गोठलं. काकूंनी कधी एक शेअर घेतला नव्हता, पण एका घरातलं म्हणून त्यांचंही गोठलं. प्रशांतला कंपनीनं घरी बसवलं.

पत्राला एकच गोष्ट माहीत नव्हती. मास्तरांना आवाज नाही ही.

अकोल्याहून मास्तरांचे वकीलसाहेब आले. ते म्हणाले, शेअर मास्तरांनी स्वतःच्या डोक्यानं घेतले हे टिकलं, तर पोरगा सुटायची थोडी आशा आहे. फोनवर पोरगाच होता असं निघालं, तर नोकरी गेलीच, कदाचित तुरुंगसुद्धा. पण त्यासाठी खोटं लिहा असं मी सांगणार नाही, असंही म्हणाले.

*

शेवटी मास्तर आणि काकू जबाब लिहून द्यायला आमच्याकडे आले. आमच्या मालकांनी, भाऊंनी, टेप लावली. "लिही पोरी." काकूंनी पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "अजून एकडाव लावता का, भाऊ?" तीन वेळा लावली. दिवाळीपासून त्यांनी तो आवाज ऐकला नव्हता.

भाऊंनी हळूच विचारलं, आवाज प्रशांतचा आहे का?

"प्रशांत बारीक बोलते," काकू म्हणाल्या आणि मास्तरांकडे बोट केलं. "हा यायचाच हाये."

जबाबाचा कागद मास्तरांपुढे सहीवाचून पडला होता. पाटी मांडीवर कोरी होती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. स्क्रीनवर नाव आलं, मास्तर. आणि मास्तर माझ्यासमोर बसलेले. मी घाबरून स्पीकरच दाबला.

"लिही पोरी," तोच खडा आवाज म्हणाला. "तो फोन मीच केला होता. माझ्या वडलाले सही करू देऊ नको. आता वाचून दाखव."

मला वाचता येईना. पलीकडे कुणीतरी रडत होतं, तेही मास्तरांच्याच आवाजात. मग फोन बंद झाला. मशीनचा लाल दिवा चालूच होता.

मास्तरांनी पेन्सिल उचलली. फळ्यावर लिहायचे तसं सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं आणि पाटी माझ्याकडे वळवली.

"ऐकलंस ना? तो फोन मीच केला होता. मी बोललो."