बायोडाटातले दोन मामा

माझं शिक्षण चौथी. तरी मुलीच्या लग्नाचा बायोडाटा मीच सांगितला, भडगावच्या टायपिंगवाल्यानं फक्त बोटं चालवली. आमच्यात मुलीला मामा किती, काय करतात, हे आधी बघतात. मी दोन सांगितले. एक मास्तर, दुसरा जळगावला दाळ मिलमध्ये. तिसरा, बायकोचा धाकटा भाऊ, जन्मापासून समजेला कमी. आमच्याच घरी राहतो, केळीला बांबूचे टेके लावतो; पाहुणे आले की त्याला मळ्यातच ठेवायचो. तो काय छापायचा, असं माझं शहाणपण.

नातू चार वर्षांचा झाला तरी बोलेना. निदान विहीणबाईंनी केलं: सुनेनं पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली. तेव्हापासून मुलगी विळी पुढं ओढली की आधी सासूकडे बघायची.

यंदा जळगावच्या डॉक्टरीणबाईंकडे सगळे गेलो. दुसऱ्याची चूक निघणार म्हटल्यावर विहीणबाई मागं कशा राहतील? डॉक्टरीणबाई कागदावर घराणं काढू लागल्या, पुरुषाला चौकोन, बाईला गोल. म्हणाल्या, मेंदूत एक पेशी दुसरीला निरोप देते, त्या जोडावरचं काम बघणारा एक जीन असतो. तो बिघडलेला असला तर आई धडधाकट राहते, मुलगा असा होऊ शकतो. रक्त तपासू, पण आधी आजोळ कळू द्या. मुलाच्या आईला मामा किती?

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. मुलगी माझ्याकडे बघत होती. एवढी वर्षं तिला एकच विचारायचं होतं, माझ्या हातून झालं का?

"तीन," मी म्हणालो. "तिसरा लहानपणापासून असाच."

"कागदावर तर दोनच होते, आबा," विहीणबाई म्हणाल्या.

"कागद मी केला होता. हिनं भाजी चिरली, खोटं मी बोललो. आता काय बोलायचं ते मला बोला."

डॉक्टरीणबाईंनी तिसरा चौकोन काढून काळा केला. भाजीचा काही संबंध नाही, हे विहीणबाईंना दोनदा सांगितलं. पुढं रक्ताचा रिपोर्टही तोच जीन दाखवत आला.

विहीणबाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. औषधानंसुद्धा एवढा गुण आला नसता. मुलगी आता भाजी चिरते, फक्त विळीकडे बघून.

त्या दिवशी दवाखान्यातून घरी आल्यावर बायकोनं भावाला सगळं सांगितलं. तो ओट्यावरून माझ्याजवळ आला.

"दाजी, मनं नाव लिखं का?"

लिखं, तुझंही नाव लिखं, म्हटलं.

फोटो लागेल म्हणून तो डोक्याला तेल लावायला गेला.