एका हातानं खेळायचा खेळ

रफीक गेल्याचं त्याच्या बायकोच्या, नसरीनभाभींच्या फोनवरून कळलं तेव्हा मी कॉम्प्युटरसमोरच बसलो होतो. दुपारी तो मला आमच्या खेळाच्या पुढच्या टप्प्यांची नवीन चित्रं पाठवणार होता... त्या फोनला आता काही आठवडे उलटलेत.

रफीक शाळेत चित्रकला शिकवायचा, मी प्रोग्रामर. आम्ही मोबाइलवरचा एक छोटा कोड्यांचा खेळ करत होतो. शहराखालच्या जुन्या नहरीत, पाण्याच्या भुयारी वाटेत, एक मुलगी उतरते. आपण दगडी झडपा उघडून पाणी एका हौदातून दुसऱ्या हौदात फिरवायचं आणि तिला कोरडी वाट करून द्यायची. निम्मं काम झालं आणि रफीकच्या किडन्या निकामी झाल्या. डायलिसिसला मी सोबत जाऊ लागलो. सुया डाव्या हातात, तो हात हलवायचा नाही. पहिल्याच खेपेला उजव्या अंगठ्यानं खेळून बघत तो म्हणाला, "सुनील, हे तर दोन हातांचं काम झालं यार. एका हातात बसव." मी कुरकुरत सगळं नव्यानं बांधलं. अंगठा ठेवला की झडप उघडी, उचलला की बंद. खेळ उलट देखणा झाला.

शेजारच्या खाटेवर करमाडच्या गयाबाई असायच्या. "बघू रं, काय खेळतूस?" म्हणून त्यांनी एकदा फोन मागून घेतला. बराच वेळ रमल्या. मग शेवाळावरून मुलगी घसरली, पाणी चढलं आणि खेळ पार पहिल्यापासून सुरू झाला. त्यांनी फोन परत दिला. "नगं बाबा. पोरगी बुडती अन् केलेलं समदं वाया जातं."

त्यावरून माझं आणि रफीकचं वाजलं. मी म्हणालो, "बुडायची भीतीच नसली तर कोडं सोडवायला बसंल कोण?"

"भीती राहू दे ना. पण केलेलं कशाला पुसतो? इथं बघ, प्रत्येक जण दोन दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. मोबाइलमध्ये तरी नको."

मी खोलीभर नजर फिरवली आणि त्याच रात्री बदल करायला बसलो. त्यानंतर पाणी त्या मुलीला बुडवेना. शेवटच्या कोरड्या पायरीवर आणून सोडू लागलं. शेवाळ, फुटक्या खापरी नळ्या, धोके सगळे तसेच राहिले. रफीकनं शेवाळ फक्त जास्त हिरवं केलं, लांबूनच दिसावं म्हणून. पुढं गयाबाईंनी तो शेवाळाचा टप्पा पार केला तेव्हा "गेली! गेली ओ पलीकडं!" या ओरडण्यानं सिस्टर धावत आली, आणि रफीक इतका हसला की तिनं त्यालाच दटावलं.

खेळ बाजारात आला. फार गाजला नाही, पण एका हातानं खेळणाऱ्या कितीतरी जणांनी आवर्जून लिहिलं. रफीक ते भाभींना वाचून दाखवायचा. शेवटच्या वर्षात तो थकला होता, पण नाखूश मी त्याला कधी पाहिला नाही.

परवा शहागंजला त्याच्या घरी गेलो. त्याच्या चित्रांच्या टेबलाशी भाभी मोबाइलवर आमचाच खेळ उघडून बसल्या होत्या. तो असताना त्यांना खेळायला कधी फुरसत मिळाली नव्हती. "इससे आगे कैसे जाना, भाई?" त्यांनी विचारलं. मी सांगायला वाकलो, तर त्यांनी फोन पदराआड घेतला. "नक्को, बोलो मत. मैंइच देखती."

समोरचा चहा निवत होता... त्यांचं लक्ष नव्हतं, आणि मलाही उठायची घाई नव्हती.