यंत्राला अर्थ नाही

प्रभाकर आंबेरकर डोक्याने फिरलेला होता, असं आजही कल्याणात कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. म्हणणारे आता थोडेच उरलेत, पण जे उरलेत ते सुधारलेले नाहीत. म्हणून हे लिहायला बसलो.

प्रभाकर वीज कंपनीत लाईनमन होता. मूळचा राजापूरकडचा, मराठी सातवी पास, अंगाने काटक. पारनाक्याच्या मागे दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको शीला राहत. एरवी त्याच्यासारखा गरीब स्वभावाचा माणूस नव्हता. रेशनच्या रांगेत कुणी पुढे घुसलं तरी गप्प राहायचा. पण विजेबद्दल कुणी खोटं बोललं की त्याला ते सहन होत नसे.

त्याची एक सवय होती. खिडकीचा गज असो, नळ असो, हॉटेलातली लोखंडी खुर्ची असो, तो आधी उलट्या हाताने शिवायचा आणि मगच धरायचा. पोरंटोरं त्याची नक्कल करत, आणि मोठी माणसं पोरांना आवरायच्या ऐवजी हसत. मी एकदा कारण विचारलं.

"मास्तर, करंट असला की मूठ आपोआप मिटते," तो म्हणाला. "तळहाताने धरलं तर मग सुटता सुटत नाही. उलटा हात आपसूक मागे येतो. आमच्या कामात ज्याला ही सवय नाही तो पेन्शन खात नाही."

इतकी साधी, जीव वाचवणारी गोष्ट. गावात ती एकाला ठाऊक होती आणि त्यालाच गाव येडा म्हणत होतं.

मी शाळेत मराठी शिकवायचो, व्याकरणासकट. संध्याकाळी दौलतशेठच्या तंबू टॉकीजचं लिहिण्याचं काम बघायचो. काळ्या तलावाजवळच्या मैदानात दिवाळीनंतर तंबू लागायचा तो पाऊस येईपर्यंत. हँडबिलं लिहायची, पाट्या रंगवून घ्यायच्या, आलेल्या पत्रांना उत्तरं द्यायची. माझी भाषा चुरचुरीत आहे असं दौलतशेठ म्हणायचा आणि मला ते आवडायचं.

त्रेपन्न साली तिथे एक मारधाडीचा खेळ लागला. नाव सांगत नाही. तसे तेव्हा डझनावारी निघत. त्यातला बुरखेवाला बहाद्दर विजेच्या खांबावर चढतो, दोन्ही हातांनी जिवंत तार धरतो, छातीवर बांधलेल्या यंत्रात ती वीज भरून घेतो आणि मग बोटांतून ती बदमाशांवर फेकतो. शिवाय एक झगा पांघरून गुप्त होतो आणि तिसऱ्या मजल्यावरून उडी टाकून थेट घोड्यावर बसतो. लोक वेडे झाले होते. ठाण्याहून, डोंबिवलीहून माणसं यायची.

प्रभाकरही गेला आणि दुसऱ्या दिवशी हॉटेलात त्याने तोंड उघडलं.

"तो गुप्त झालेला ना," तो म्हणाला, "मग त्याला स्वतःला कसं दिसत होतं? उजेड डोळ्यात अडकला तर दिसणार. हा तर आरपार काच झालेला. ठार आंधळा व्हायला पाहिजे. आणि तिसऱ्या मजल्यावरून माणूस घोड्याच्या पाठीवर पडला तर आधी घोडा मरेल."

तिथे अण्णा बसायचे, मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांना वाटायचं की वादात शेवटचं वाक्य आपलंच असलं पाहिजे. ते म्हणाले, "अरे आंबेरकर, मारुतीराया उडतो ते तुला चालतं. इथे मात्र हिशेब मागतोस."

"मारुती देव आहे, अण्णा. त्याला कोण विचारणार. हा माणूस दाखवलाय. माझ्यासारखी खाकी पॅण्ट घालून माझ्यासारखा शिडीने चढतो. मग त्याला माझे नियम लागू. मंत्राने उडा, झगा घालून गुप्त व्हा, ते सगळं मी सोडून देतो. पण जमिनीवर पाय ठेवून दोन हातांनी तार धरा आणि ताकद कमवा, हे नका शिकवू. उद्या कोणीतरी धरेल."

"धरणारा मूर्खच म्हणायचा," अण्णा म्हणाले, आणि सगळे हसले. मीही. आठवडाभर हा रोजचा खेळ झाला. प्रभाकर दिसला की कुणीतरी मुद्दाम यंत्राचा विषय काढायचं आणि तो बिचारा दर वेळी तितक्याच तळमळीने सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचा. त्याचा मुद्दा कुणी खोडला नाही. तो खोडता येण्यासारखा नव्हताच. लोकांना नुसता त्याचा संताप बघायचा होता. सुशिक्षित म्हणवणाऱ्या माणसांचा हा नीचपणा मला आज स्पष्ट दिसतो.

बुधवारी तो पुन्हा तंबूत गेला आणि सिनेमाच्या यंत्राशेजारी बसला. तार धरायचा प्रसंग आला तसा उभा राहून ओरडला, "सोड ती तार." लोकांनी शेंगांची टरफलं फेकली. दारावरच्या गणूने त्याचं बखोट धरून त्याला बायकांच्या दाराने बाहेर काढलं. त्या दाराशी एक लोखंडी खांब होता, त्यावर दिवा, आणि दिव्याची वायर खांबालाच गुंडाळलेली. जाता जाता सवयीने प्रभाकरने खांबाला उलटा हात लावला आणि झटकन मागे घेतला. गणूला वाटलं, रागाने खांबाला चापट मारली.

"खांबात करंट उतरलाय रे," प्रभाकर म्हणाला.

"आता तुमच्यातपण पावर आली का?" गणू म्हणाला आणि त्याने कनात ओढून घेतली.

तंबूत पुन्हा पाऊल टाकायला त्याला बंदी झाली. कंपनीचं काम मीटरपर्यंत. मीटरच्या पलीकडचं सगळं फिटिंग दौलतशेठचं, तिथे तो परवानगीवाचून हात घालू शकत नव्हता. शिवाय गुरुवारी भल्या पहाटे त्याला मुरबाडच्या लाईनवर दोन दिवसांसाठी जायचं होतं. जाण्याआधी त्याने चिठ्ठी लिहिली आणि ती शीलाने माझ्याकडे आणून दिली. ती मला अजून पाठ आहे.

"रा. रा. मॅनेजर यांस. मी काल स्वतः पाहिले. आपल्या यंत्राला अर्थ नाही. अर्थ दिल्याशिवाय खेळ करू नये. हे मी विनोदाने लिहीत नाही. माणूस मरेल. प्र. आंबेरकर."

आता वीजवाल्यांची भाषा ज्याला ठाऊक आहे त्याला यात काही अवघड नाही. फिटिंगपासून जमिनीत एक तार पुरतात, म्हणजे फुटलेला करंट माणसात न शिरता मातीत जातो. इंग्रजीत त्याला अर्थ म्हणतात आणि आपले लाईनमनही अर्थच म्हणतात. सिनेमाच्या यंत्राला अर्थ नाही, म्हणजे ती तार पुरलेलीच नाही, आणि फुटलेला करंट त्या खांबासारख्या लोखंडात उतरतो. पण मी पडलो मराठीचा मास्तर. आठ दिवस हॉटेलात बहाद्दराच्या छातीवरच्या यंत्राबद्दल ऐकत होतो. मला वाटलं, गृहस्थ आता लेखी टीका करायला लागला.

मी ती दौलतशेठला वाचून दाखवली. तो पोट धरून हसला. मग मी माझ्या चुरचुरीत भाषेत उत्तर लिहिलं: "पत्र पावले. करमणुकीच्या खेळातील यंत्राला अर्थ असलाच पाहिजे असा नियम नाही. ज्यांना अर्थ हवा त्यांनी कीर्तनास जावे." एवढ्यावर भागलं नाही. संध्याकाळी दौलतशेठने चिठ्ठी आणि उत्तर दोन्ही भोंग्यावरून वाचायला लावलं. मीच वाचलं. मैदानभर हशा पिकला. शीला तेव्हा तलावाच्या बाजूने भाजी घेऊन जात होती असं नंतर कळलं. ती थांबली नाही.

तुळसा आमच्याकडे बायकांच्या दारावर तिकिटं फाडायची. मानपाड्याहून चालत यायची, हसरी, कुणाचं लहान मूल रडलं तर कडेवर घेऊन फिरवणारी. खेळाआधी धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी मारायचं काम तिचंच. त्याच गुरुवारी, मी भोंग्यापाशी जात असताना ती म्हणाली, "मास्तर, त्या खांबाला हात लावला का मुंग्या येतान."

"दिवसभर पाण्यात हात घातल्यावर दुसरं काय होणार," मी म्हणालो. मला घाई होती.

शुक्रवारी साडेपाचला दिवे लावले. दारापाशी वीसपंचवीस माणसं जमली होती. तुळसा अनवाणी, एका हातात पाण्याची बादली, ओल्या जमिनीवर. कनातीचा सुटलेला दोर बांधायला वाकली आणि उठताना आधाराला तिने खांब धरला. तो सुटेना. ती थरथरत होती, आणि त्या माणसांतल्या एकाने शिट्टी मारली. दुसऱ्याने बहाद्दराची आरोळी ठोकली. त्यांना वाटलं, बाई नक्कल करतेय. टाळ्या पडल्या. मी लिहायला बसायचो त्या पत्र्याच्या खोलीतून बघत होतो आणि मलाही तसंच वाटलं.

प्रभाकर त्याच वेळी मैदानात शिरला. मुरबाडहून येऊन त्याने घरी माझं उत्तर वाचलं होतं, आणि वाचताक्षणी कुठे घोटाळा झाला ते त्याच्या ध्यानात आलं होतं. समजावून सांगायला तो ते हातात घेऊन धावत निघाला होता. त्याने कुणाला हाक मारली नाही. एक लाकडी बाक उचललं, त्या बाकानेच तिला खांबापासून ढकललं, मग आत जाऊन मेन स्विच खाली ओढला. तुळसाजवळ बसून तो बराच वेळ तिची छाती दाबत राहिला. ती गेलेली होती.

पंचनाम्यात दौलतशेठने सांगितलं की कुठलीही सूचना आली नव्हती. सिनेमाच्या कथेविरुद्ध एका माथेफिरूची तक्रार तेवढी आली होती. अण्णा पंच होते. ते गंभीरपणे म्हणाले, आंबेरकरने नीट मराठीत लिहिलं असतं तर बाई वाचली असती. कुणी म्हणालं, रोज लांडगा आला लांडगा आला ओरडल्यावर खऱ्या वेळी कोण धावणार. हे ऐकून माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतो. त्या गोष्टीतला पोरगा खोटं ओरडत होता. प्रभाकर आठवडाभर खरंच सांगत होता, आणि शुक्रवारी जे झालं ते त्याच्या शब्दाबाहेर काही नव्हतं. पण तेव्हा मी हे बोललो नाही. मीही म्हणालो की शब्दाचा घोटाळा झाला. अर्थ या शब्दाचे दोन अर्थ, कुणीही फसला असता. माझं म्हणणं सगळ्यांना पटलं. मी व्याकरणाचा मास्तर.

आठ दिवसांनी दुपारच्या सुट्टीत प्रभाकर शाळेत आला. बरोबर तुळसाचा नवरा सहदेव होता. मिठागरात काम करणारा, पाय मिठाने चिरलेले. तो वर्गाच्या उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"दौलतशेठकडून माझी चिठ्ठी मागून आणलीय," प्रभाकर म्हणाला. "याला वाचता येत नाही. मी वाचली तर म्हणतील बदलून वाचली. तुम्ही वाचा."

"प्रभाकर, अरे तो शब्दच असा होता," मी म्हणालो.

"वाचा, मास्तर."

मी सहदेवला आधी यंत्राचं समजावलं. अर्थ म्हणजे काय, आम्हाला काय वाटलं, खेळात काय होतं, घोटाळा कसा झाला. तो मान हलवत ऐकत होता. मग म्हणाला, "माना ता कलला. आता पुरा वाचा."

मी वाचू लागलो. मी काल स्वतः पाहिले. आपल्या यंत्राला अर्थ नाही. अर्थ दिल्याशिवाय खेळ करू नये. हे मी विनोदाने लिहीत नाही. माणूस मरेल.

"ह्या शेवटचा काय?" सहदेवने विचारलं.

"माणूस मरेल," मी पुन्हा वाचलं.

"याचं पन दोन अर्थ हान का?"

त्याने ते टोचून विचारलं नव्हतं. त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि मी शिकलेला होतो, म्हणून विचारलं. प्रभाकर खाली बघत होता. "नाही," मी म्हणालो.